यजमानाचा दिवस, पाहुण्याची सुट्टी : इटलीच्या ग्रामीण व किनारी भागातील सहलींच्या आखणीचा अनुभव

इटलीची सहल निवांत असावी, अशी मागणी सहलींची आखणी करून देणाऱ्या व्यावसायिकांकडे आता नेहमी येते, आणि ती करणाऱ्याच्या मनात बहुधा स्थळांची यादी थोडी आखूड करावी एवढीच कल्पना असते. आठ शहरांऐवजी चार शहरे, सकाळी सातऐवजी नऊला निघणे, मधे एखादी मोकळी संध्याकाळ, असा हिशेब मांडला की सहल आपोआप निवांत होईल हे गृहीतक मोठ्या शहरांपुरते काही अंशी खरेही ठरते. कारण रोम, फ्लॉरेन्स किंवा व्हेनिस येथील हॉटेले, वेगवान रेल्वेगाड्या आणि संग्रहालयांची तिकीटव्यवस्था पाहुण्यांच्या सतत येण्याजाण्याला सरावलेली आहे. टस्कनीच्या टेकडीवरचे शेतघर, लिगुरियाच्या कड्यावर वसलेले गाव किंवा नेपल्सच्या दक्षिणेचा चिलेंतो किनारा यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे दुकान दुपारी बंद होते, बोट ऋतूप्रमाणे धावते, स्वयंपाकघर ठरावीक वेळेलाच सुरू होते आणि द्राक्षे काढणीला आली की यजमान दिवसभर मळ्यात असतो. अशा ठिकाणी पाहुण्याची विश्रांती दुसऱ्या कोणाच्या तरी कामाच्या दिवसात बसवावी लागते, आणि आखणी करणाऱ्याचे बहुतेक कौशल्य या बसवण्यातच खर्ची पडते.

या सहलींचा मुख्य आधार असलेली मुक्कामाची व्यवस्था इटलीत 'आग्रितुरिझ्मो' या नावाने ओळखली जाते. चालू शेतीच्या आवारात शेतकऱ्याने स्वतः पाहुण्यांच्या राहण्याची, आणि बऱ्याच ठिकाणी जेवणाचीही, सोय करणे असा तिचा ढोबळ अर्थ सांगता येतो. परंतु कायद्याने तिला याहून नेमका आकार दिलेला आहे. या विषयावरचा पहिला राष्ट्रीय कायदा १९८५ मध्ये झाला आणि त्याची जागा पुढे २००६ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने घेतली. त्यानुसार शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे व पाहुण्यांची सरबराई त्याला जोडून असली पाहिजे. शेती मुख्य आहे की नाही हे ठरवताना दोन्ही कामांना लागणारा श्रमाचा वेळ विचारात घेतला जातो, आणि दहापर्यंतच पाहुणे ठेवणाऱ्या शेतघराच्या बाबतीत ती मुख्य आहे असेच मानले जाते. पाहुण्यांपुढे वाढले जाणारे अन्नही बऱ्याच प्रमाणात स्वतःच्या शेतातले आणि आसपासच्या परिसरातले असावे, अशी अट असून तिचे तपशील प्रत्येक प्रदेशाचे सरकार ठरवते. आखणी करणाऱ्याच्या दृष्टीने या तरतुदींचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. ज्या घरात मुक्काम ठरवायचा, तेथील माणसे कायद्यानेच आधी शेतकरी आणि नंतर यजमान आहेत, त्यामुळे हॉटेलच्या स्वागतकक्षाकडून जी तत्परता अपेक्षित असते ती त्यांच्याकडून अपेक्षिणे रास्त नव्हे.

ही घरे पाहुण्यांसाठी मोकळी कशी झाली, याचा इतिहास प्रवाशांना सांगण्याजोगा आहे. मध्य इटलीत शतकानुशतके 'मेद्झाद्रिया' नावाची अर्धेलीची पद्धत चालत आली. जमीन आणि घर मालकाचे, श्रम कुळाच्या सबंध कुटुंबाचे आणि पीक दोघांत निम्मे, असे तिचे सूत्र होते. कुळाने जमिनीवरच राहावे अशी ही रचना असल्याने घरे गावठाणात दाटीने न वसता प्रत्येक शेताच्या मध्यावर, बहुधा टेकडीच्या माथ्यावर, सुटी सुटी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत ही कुटुंबे मोठ्या संख्येने शहरांतील कारखान्यांकडे गेली, १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली, आणि दगडी भिंतींची, खाली गोठा व वर राहत्या खोल्या असलेली असंख्य घरे रिकामी पडली. काही घरे परदेशी लोकांनी विकत घेतली, काही कोसळली, आणि काही मागे राहिलेल्या शेतकऱ्यांनी डागडुजी करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. अशा शेतकऱ्यांची 'आग्रितुरिस्त' ही संघटना १९६५ मध्येच स्थापन झाली होती. ज्यांच्या घरात कुळकायद्याच्या आठवणी अजून बोलल्या जातात, मग ते कुळांच्या बाजूचे असोत वा जमीन गेलेल्यांच्या, अशा मराठी प्रवाशांना हा इतिहास दोन वाक्यांत उमगतो आणि खोलीच्या खाली पूर्वी गुरे बांधली जात होती हे ऐकून त्यांना नवल वाटत नाही.

नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. महाराष्ट्रात कृषी पर्यटन आता चांगले रुजले असून राज्य शासनाने २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणही स्वीकारले आहे. त्यामुळे शेतावर राहायला जाणे ही कल्पना प्रवाशांना परकी नसते. मात्र आपल्याकडच्या कृषी पर्यटन केंद्रात दिवसाचा कार्यक्रम ठरलेला असतो : सकाळी न्याहारी, मग शिवारफेरी, बैलगाडी, हिवाळ्यात हुरडा, दुपारी चुलीवरचे जेवण, आणि या सर्वांत पाहुण्यांसोबत कोणीतरी सतत असते. टस्कनीतील शेतघरात किल्ली हातात दिली जाते, न्याहारीची वेळ सांगितली जाते आणि त्यानंतर पाहुण्याला त्याच्या वाटेने सोडून दिले जाते. यजमानाच्या मते हा पाहुण्याच्या खासगीपणाचा मान असतो, तर पाहुण्याला, विशेषतः आदरातिथ्याची वेगळी सवय असलेल्या ज्येष्ठांना, तो कोरडेपणा वाटू शकतो. निघण्यापूर्वीच्या बैठकीत हा फरक स्पष्ट सांगितला तर पुढच्या बऱ्याच तक्रारी जन्मालाच येत नाहीत, असा या कामातील अनुभव आहे. आणि जेथे आठवड्यातून दोनतीन रात्री सर्व पाहुण्यांसाठी एकत्र जेवण केले जाते असे घर निवडले तर कोरडेपणाची ही भावना पहिल्याच रात्री ओसरते.

अशा घरांशी होणारा पत्रव्यवहार हा कामाचा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत उपयुक्त भाग होय. ईमेलचे उत्तर बहुधा संध्याकाळी उशिरा येते; इटलीचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असल्यामुळे ते पुण्या-मुंबईच्या कार्यालयात दुसऱ्या दिवशी सकाळीच वाचले जाते, आणि एका खोलीच्या ठरण्याला आठवडा सहज जातो. विचारायचे प्रश्न मात्र दरवर्षी तेच असतात. जेवण कोणत्या वारी मिळते, स्वतःचा स्वयंपाक करण्याची सोय आहे का, खोली तळमजल्यावर आहे की जिन्याने चढावे लागते, वातानुकूलन आहे की जाड भिंतींवर भिस्त आहे, आणि मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतचा रस्ता डांबरी आहे की 'स्त्रादा ब्यांका', म्हणजे पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता, ही माहिती संकेतस्थळावरील देखण्या छायाचित्रांतून कळत नाही. उन्हाळ्यातील गर्दीच्या आठवड्यांत अनेक घरे शनिवार ते शनिवार असाच मुक्काम स्वीकारतात, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्याआधी घर ठरवणे हा उलटा वाटणारा क्रमच सोयीचा पडतो. यजमान दिवसभर शेतात असल्याने आगमनाची वेळ दुपारी उशिरा ते संध्याकाळ एवढीच असते. रात्री अकराला अनोळखी कच्च्या रस्त्याने, अंधारात, दोन ज्येष्ठ आणि एक झोपलेले मूल घेऊन शेतघर शोधण्यासारखी सुट्टीची वाईट सुरुवात दुसरी नसेल. म्हणून आखाती देशांतून विमान बदलून येणाऱ्या प्रवाशांची पहिली रात्र विमानतळाच्या शहरातच काढणे आणि शेतघराकडे दुसऱ्या दिवशी जेवणानंतर निघणे हा संकेत पाळला जातो, मग त्यात एक दिवस 'वाया' गेल्यासारखा कोणाला कितीही वाटो.

टस्कनीच्या दक्षिणेस सिएना जिल्ह्यातील वाल दोर्चा हे खोरे या सहलींत हटकून मागितले जाते. त्यातील पिएंत्सा हे गाव १४५९ पासून पोप दुसरे पायस यांच्या इच्छेने, बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुकाराच्या हातून नव्याने रचले गेले आणि १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आले. २००४ मध्ये संपूर्ण खोऱ्यालाच तो दर्जा मिळाला, आणि तोही निसर्ग म्हणून नव्हे तर माणसाने घडवलेले भूदृश्य म्हणून. सिएनाच्या नगरसभागृहात अम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये सुशासनाची फळे दाखवण्यासाठी नांगरलेल्या, पेरलेल्या, ओझ्याची जनावरे ये-जा करत असलेल्या टेकड्यांचे भित्तिचित्र रंगवले, आणि ज्या प्रवाशाने ते आधी पाहिलेले असते त्याला खोऱ्यात गेल्यावर शेत कसे वाचावे हे सांगावे लागत नाही. सरूच्या झाडांची नागमोडी रांगही मुद्दाम लावलेली असते. ला फोचे या इस्टेटीच्या समोरची अशी सुप्रसिद्ध रांग आयरिस ओरिगो या लेखिकेने व तिच्या पतीने १९२० च्या दशकानंतर ओसाड चिकणमातीची जमीन सुधारताना उभ्या केलेल्या कामाचा भाग आहे. छायाचित्रासाठी गव्हाच्या उभ्या पिकात शिरणारे पाहुणे पाहून यजमानांच्या कपाळावर आठ्या का पडतात, हे शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या प्रवाशांना सांगावे लागत नाही. इतरांना लेखी सूचना द्यावी लागते.

सहल कोणत्या महिन्यात करावी, या प्रश्नात दोन पंचांगांची टक्कर होते. मराठी कुटुंबांना सवड मिळते ती शाळांच्या उन्हाळी सुट्टीत किंवा दिवाळीत. मे महिना टस्कनीसाठी उत्तम, कारण गहू हिरवा असतो, कडेने तांबडी खसखशीची फुले असतात आणि उन्हाचा ताप नसतो; पण समुद्राचे पाणी अजून थंड असल्यामुळे किनाऱ्यावर पोहण्याची आशा धरून गेलेली मुले निराश होतात. दिवाळीच्या सुमारास ऑलिव्हची काढणी चालू असते, गावच्या घाण्यावर नव्या तेलाचा उग्र हिरवा वास दरवळतो आणि त्या वेळी भाजलेल्या पावावर ओतलेले तेल चाखणे हा तेथील खरा सण असतो, मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे गेली की संध्याकाळ पाचच्या आसपासच संपते आणि किनाऱ्यावरील बोटी व हॉटेले एकामागून एक बंद होऊ लागतात. सप्टेंबर सर्व दृष्टींनी सरस आहे. पाणी कोमट असते, द्राक्षांची काढणी सुरू असते, इटलीतील सुट्ट्या संपून गर्दी ओसरलेली असते; परंतु गणपती आणि शाळा यांच्यामुळे तो बहुतेक कुटुंबांना मिळत नाही, आणि त्याचा लाभ घेणारे बहुधा निवृत्त जोडपी किंवा जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांत नोकरी करणाऱ्या मुलांकडे राहायला गेलेले आईवडील असतात. अशा परिस्थितीत मे महिन्यात किनारा फक्त चालण्यासाठी ठेवावा आणि दिवाळीत किनारा पूर्ण वगळावा, हे मत पुष्कळांना पटत नसले तरी त्यात बदल करण्याचे कारण अजून दिसलेले नाही. द्राक्षकाढणीत हात लावायला मिळेल का, असेही हमखास विचारले जाते. मजुरी व विम्याच्या नियमांमुळे बरेच यजमान पाहुण्याच्या हाती कात्री देण्याचे टाळतात, तेव्हा पाहायला मिळेल एवढेच आश्वासन देणे बरे.

शेतघराच्या सहलीत मोटार जवळजवळ अपरिहार्य असते, आणि निवांतपणाला सर्वाधिक बाधा तिच्यामुळेच येते. भारतीय परवान्यासोबत प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळणारा, एक वर्ष चालणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. भाड्याच्या गाड्यांत हाताने गिअर बदलायच्या गाड्या अजून पुष्कळ असल्याने स्वयंचलित गाडी हवी असल्यास आधीच आणि जास्त भाड्याने ठरवावी लागते. आणि वाहन उजव्या बाजूने चालवायचे असते. एवढे सर्वांना माहीत असते. माहीत नसते ते 'झोना अ त्राफिको लिमितातो', म्हणजे जुन्या गावांच्या गाभ्यातील मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र, ज्याच्या तोंडाशी अडथळा नसतो, पोलीस नसतो, फक्त एक पाटी आणि एक कॅमेरा असतो. रहिवाशांची आणि परवानगी असलेल्यांची वाहने सोडून इतर वाहन आत शिरले की दंड लागतो. तो भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत शोध घेत घेत प्रवाशाच्या भारतातील पत्त्यावर येतो, आणि परदेशी रहिवाशापर्यंत नोटीस पोहोचवण्यास तेथील कायदा ३६० दिवसांची मुदत देत असल्यामुळे सहलीच्या आठवणी जुन्या झाल्यावरही तो येऊ शकतो. मोबाइलवरील नकाशा जवळचा रस्ता म्हणून नेमका याच क्षेत्रातून वाट दाखवू शकतो. यासाठी प्रत्येक गावाच्या वेशीबाहेरील वाहनतळाचे नाव तक्त्यात लिहून देणे, आणि निळ्या रेषांत पैसे भरून, पांढऱ्या रेषांत सामान्यतः फुकट, तर पिवळ्या रेषांत राखीव जागा असते हा नियम त्याच पानावर छापणे, हे काम कंटाळवाणे असूनही टाळता येत नाही. नकाशावर चाळीस किलोमीटर दिसणारे अंतर टेकड्यांच्या वळणांवर तासाभराचे होते, म्हणून दिवसाला एकच गाव आणि दुपारच्या जेवणानंतर घरी, ही मर्यादा घालून दिली तर गाडी चालवणाऱ्या माणसालाही सुट्टी मिळते; एरवी तो एकटा कामावर असतो.

किनाऱ्याची आखणी हे वेगळेच प्रकरण आहे. लिगुरियातील चिंक्वे तेर्रे म्हणून ओळखली जाणारी मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे ही पाच गावे १९९७ पासून जागतिक वारसायादीत आहेत व १९९९ पासून राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहेत. तेथे मोटारीचा उपयोग नाही, बोगद्यांतून धावणारी स्थानिक रेल्वे हाच मार्ग. या गावांभोवतीचे कडे चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांनी पायऱ्यापायऱ्यांचे केलेले आहेत, त्यांवर द्राक्षवेली लावल्या जातात, आणि असे बांध रचण्याच्या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात स्थान दिले. बांध राखणारे शेतकरी कमी झाले की ते ढासळतात आणि पावसात डोंगर खाली येतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो चिखलाखाली गेली, आणि रियोमाज्जोरे ते मानारोला ही प्रसिद्ध पाऊलवाट २०१२ मध्ये दरड कोसळल्यावर जी बंद झाली ती २०२४ मध्येच पुन्हा उघडली. एखादी वाट बंद असेल हे त्यामुळे गृहीत धरूनच दिवस आखायचा असतो. कोर्निल्याचे स्थानक समुद्राच्या पातळीवर आणि गाव वर असून मधे साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघ्यांची चौकशी न करता येथे मुक्काम ठरवणे हा आखणी करणाऱ्याचा अक्षम्य आळस म्हणावा लागेल. पाच गावांच्या पलीकडचे लेव्हांतो हे सपाट, रुंद वाळूचे आणि रेल्वेने जोडलेले गाव छायाचित्रांत कमी पडत असले तरी मुक्कामाला अधिक बरे.

अमाल्फी किनाऱ्याविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर उन्हाळ्यातील निवांत सहलीच्या यादीत त्याचे नाव का येते, हे कोडेच आहे. कड्याला चिकटून जाणाऱ्या एकमेव रस्त्यावर वाहनांची इतकी कोंडी होते की २०२२ पासून गर्दीच्या दिवसांत गाड्यांना सम-विषम क्रमांकांचा नियम लावण्यात आला. मंदगतीचे, माणसाच्या मापाचे नगरजीवन जपू पाहणारी 'चित्तास्लो' ही नगरांची संघटना १९९९ मध्ये ज्या चार गावांनी स्थापन केली त्यांत पोसितानो हे एक होते, ही गोष्ट ऑगस्टमध्ये त्याच्या पायऱ्यांवर रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाला सांगण्यात अर्थ नाही. त्यातल्या त्यात मार्ग असा, की सालेर्नो या रेल्वेने जोडलेल्या, सपाट सागरी पदपथ असलेल्या शहरात राहावे आणि हंगामात बोटीने अमाल्फीला जाऊन दुपारनंतर परत यावे. त्याहून दक्षिणेला उतरण्याची तयारी असेल तर चिलेंतो मिळतो. पेस्तुम येथील इसवी सनपूर्व सहाव्या-पाचव्या शतकांतील तीन ग्रीक मंदिरे, त्यांच्या आसपासच्या सपाटीवरील म्हशींचे गोठे आणि तेथेच सकाळी तयार होणारे ताजे मोत्झारेल्ला चीज, हे सारे अर्ध्या दिवसात पायाखालून जाते. म्हशीच्या दुधावर वाढलेल्या मराठी प्रवाशांना त्या गोठ्यांत जो रस वाटतो तो इतर कोणा परदेशी पाहुण्याला क्वचितच वाटत असेल. भूमध्य सागरी आहाराचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज याच किनाऱ्यावरील पिओप्पी या गावात बरीच वर्षे राहिले.

इटालियन पुळणीची व्यवस्था समजावून द्यावी लागते, कारण कोकणात वा गोव्यात वाळूवर बसायला पैसे पडत नाहीत. इटलीत मात्र किनाऱ्याचे मोठे पट्टे खासगी चालकांना वापरासाठी दिलेले असतात. ते छत्र्या व आरामखुर्च्यांच्या रांगा लावतात, पाण्याजवळच्या रांगेला अधिक भाडे घेतात, आणि पुष्कळ इटालियन कुटुंबे वर्षानुवर्षे तीच छत्री हंगामभरासाठी धरून ठेवतात. पाण्यालगतची अरुंद पट्टी सर्वांना ये-जा करण्यास खुली असते, तसेच प्रत्येक परिसरात 'स्पियाज्जा लीबेरा', म्हणजे मोफत पुळणीचा, काही तुकडा असतो, तो बहुधा कडेला आणि दगडगोट्यांचा. १५ ऑगस्टच्या 'फेर्रागोस्तो' या सणाभोवती, ज्याचे मूळ सम्राट ऑगस्टसने सुरू केलेल्या सुट्टीत सांगितले जाते, सारा देश किनाऱ्यावर उतरतो आणि आतल्या शहरांतील दुकानांवर सुट्टीनिमित्त बंदच्या पाट्या लागतात. १९४८ पासून अमलात असलेल्या इटालियन संविधानाच्या छत्तिसाव्या अनुच्छेदात कामगाराला आठवड्याची विश्रांती आणि पगारी वार्षिक रजा यांचा हक्क दिला असून तो हक्क कामगाराला सोडूनही देता येत नाही, असे म्हटले आहे. ज्या देशात सुट्टीचे स्थान एवढे पक्के आहे तेथे यजमानालाही ती हवी असणार, हे लक्षात घेऊन ऑगस्टचे दोन मधले आठवडे टाळलेले बरे.

शाकाहाराविषयी इटली सोयीची आहे असा समज आहे, तो बव्हंशी खरा, पण त्याला पोटनियम पुष्कळ आहेत. शिळा पाव, घेवडा व भाज्या यांची टस्कनीतील 'रिबोल्लीता', पुलियातील सुक्या फावा दाण्यांचे दाट वरणासारखे पुरण आणि कडवट चिकोरीची भाजी, किंवा लिगुरियातील हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत मोठ्या तव्यावर भाजलेली 'फारिनाता', जी बेसनाच्या धिरड्याची थोरली बहीण शोभावी, हे मुळात गरिबांचे अन्न असल्याने त्यात मांस नसते. तरीही रिबोल्लीतामध्ये मांसाचे पाणी असू शकते, पुलियातील पालेभाजीच्या पास्त्यात अँचोव्ही हा बारीक मासा विरघळवलेला असू शकतो, आणि पार्मिजानो रेज्जानो चीज तर वासराच्या जठरातील विरजणानेच गोठवावे असा त्याचा नियमच आहे, त्यामुळे कडक शाकाहारी प्रवाशासाठी वनस्पतिजन्य विरजणाचे चीज शोधावे लागते. या सर्व गोष्टी इटालियन भाषेत एका कार्डावर छापून दिल्या तर शेतघराची स्वयंपाकीण ते भिंतीला लावून ठेवते आणि मनापासून पाळते. शहरी उपाहारगृहातील घाईत तेवढी खात्री देता येत नाही. जेवणाच्या वेळांत मात्र सवलत नाही. दुपारी अडीचनंतर आणि रात्री साडेसातच्या आधी गावात गरम जेवण मिळणे कठीण असते, आणि ज्येष्ठांची औषधे ज्या वेळांना बांधलेली असतात त्या वेळा याच्याशी जुळवण्यासाठी घरून नेलेल्या खाकरा-चिवड्याचे महत्त्व कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही.

कागदपत्रांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि प्रत्येक रात्रीच्या निवाऱ्याचा पुरावा जोडावा लागतो, जो हॉटेलकडून क्षणात मिळतो आणि शेतकऱ्याकडून चार आठवणपत्रांनंतर. संपाची शक्यताही धरावी लागते. तेथील कायद्यानुसार रेल्वेचा संप निदान दहा दिवस आधी जाहीर करावा लागतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत स्थानिक प्रवासासाठी किमान गाड्यांची हमी असते. त्यामुळे संपाच्या दिवशी गाव बदलण्याचे ठरले असेल तर सकाळची हमीची गाडी धरावी, नाहीतर तो दिवस मुक्कामाचा करून टाकावा.

मुक्कामाच्या, म्हणजे तक्त्यात काहीच न ठरवलेल्या, दिवसासाठीच सर्वाधिक टिपणे लिहावी लागतात, ही या कामातील विसंगती आहे. गावचा आठवडे बाजार कोणत्या वारी असतो, पाववाला किती वाजता बंद करतो, कॉफी पिण्याचे 'बार' सकाळी केव्हा उघडते, उपाहारगृहाची साप्ताहिक सुट्टी सोमवारी की बुधवारी, त्या आठवड्यात पाळीने उघडे राहणारे औषधांचे दुकान कोणते, आणि संध्याकाळी सारे गाव ज्या रस्त्यावर फेरफटका मारते तो रस्ता कोणता, एवढे हाताशी असले तरच रिकामा दिवस रिकामा ठेवण्याचे धाडस प्रवासी करतो. नसेल तर तो दुपारपर्यंत भ्रमणध्वनीवर 'आज काय पाहायचे' म्हणून विचारू लागतो. आणि यातच व्यवसायाची अडचण आहे. सहलींच्या धंद्यातील मिळकत परंपरेने हॉटेल, बस आणि तिकिटे यांवरील दलालीतून येते, तर ज्या दिवशी काहीच पाहायचे नाही, त्या दिवसावर दलाली मिळत नाही, उलट त्याच्या माहितीसाठी सर्वांत जास्त तास जातात. म्हणून निवांत सहली आखणाऱ्यांना आखणीचे शुल्क आरंभीच वेगळे सांगावे लागते. ते ऐकून काही कुटुंबे आठ शहरांच्या गट-सहलीकडे परत जातात, आणि आयुष्यात एकदाच इटलीला जाणाऱ्याला जे पाहायचे असते ते त्यांना तेथे बहुधा मिळतेही.